अंतराळयानासारखं हॉटेल बांधायचंय: खिडक्या खऱ्या कशा वाटतील?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी इंटिरियरचं काम करते. आमच्याकडे एक हॉटेल आलंय, ३६ खोल्या, आणि मालकांची अट एकच, आत शिरलेल्या माणसाला दोन दिवस आपण यानात आहोत असंच वाटलं पाहिजे. निळे लाइट लावले, भिंतीवर शनी रंगवला आणि झालं, असलं काही त्यांना नकोय आणि खरं सांगायचं तर मलाही नकोय.

या प्रकारातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये झालेलं गॅलॅक्टिक स्टारक्रूझर. १ मार्च २०२२ ला उघडलं आणि सप्टेंबर २०२३ च्या शेवटी बंदही झालं. १०० केबिन, दोन रात्रींचा मुक्काम, सगळे पाहुणे एकाच दिवशी चढणार आणि एकाच दिवशी उतरणार, दोघांचे साधारण ४८०० डॉलर. बंद पडलं म्हणून ते काम वाईट होतं असं मला अजिबात वाटत नाही, त्याचे फोटो आणि व्हिडिओ मी महिनाभर बघतेय. बाहेरून पाहिलं तर इमारत म्हणजे सरळ काँक्रीटचं खोकं, सगळा जीव आत ओतलेला.

माझी अडचण खिडक्यांची आहे. आम्ही एका रिकाम्या खोलीत भिंतीत टीव्ही बसवला, पुढे गोल फ्रेम, फ्रेमला खोटे बोल्ट, आणि टीव्हीवर तारे. फोटोत झकास दिसतं! पण खोलीत उभं राहिलं की दोन सेकंदांत कळतं की हा टीव्ही आहे. रिझोल्यूशन वाढवून पाहिलं, ब्राइटनेस कमी केला, काही फरक नाही. नक्की काय चुकतंय? अशी कामं केलेलं कुणी आहे का इथे?

पडद्यामागे
मी एव्हीचं, म्हणजे पडदे आणि आवाजाच्या यंत्रणांचं काम करतो, म्यूझियम आणि प्रदर्शनं जास्त. तुमची चूक रिझोल्यूशनची नाहीच, तुमचा टीव्ही फ्रेमला चिकटून बसलाय ही आहे.

आत्ता उठा आणि घरातल्या कुठल्याही खिडकीसमोर उभ्या राहा, डोकं एक वीतभर डावीकडे न्या. खिडकीच्या चौकटीमागून लांबचं झाड सरकलं ना? उजवीकडचं लपलं आणि डावीकडचं दिसायला लागलं, छे, उलटं, डोकं डावीकडे नेलं की उजवीकडचं जास्त दिसतं. तर हे सरकणं मेंदू सतत मोजत असतो, आपल्याला पत्ता नसतो. तारे तर अनंत अंतरावर, म्हणजे चौकटीच्या मागे ते सगळ्यात जास्त सरकायला हवेत. तुमच्या टीव्हीवरचे तारे चौकटीला डिंकाने चिकटवल्यासारखे जागच्या जागी, म्हणून मेंदू लगेच ओळखतो.

उपाय म्हणजे पडदा काचेच्या मागे ढकला. किती? तर हिशोब करून दाखवतो. समजा खिडकी ६० सेंमी रुंद आहे, माणूस तिच्यापासून १ मीटरवर आहे आणि पडदा काचेच्या मागे ५० सेंमी. मग सरळ बघणाऱ्याला पडद्याचा ९० सेंमी भाग दिसतो. तो ३० सेंमी बाजूला सरकला तर पलीकडचा आणखी १५ सेंमी दिसणार, तसंच दुसऱ्या बाजूला, म्हणजे झाले १२० सेंमी. ५५ इंची टीव्ही जवळपास १२२ सेंमी रुंद असतो, बरोब्बर बसतो. पण उंची मिळते फक्त ६८ सेंमी, त्यामुळे ६० ची गोल खिडकी विसरा, वरखाली टीव्हीची कड दिसेल. ६० बाय ४० ची आडवी, कोपरे गोल केलेली खिडकी घ्या. मधली पोकळी आतून मॅट काळी, चकचकीत काहीच नको. ४के घ्या, दीड मीटरवरून डोळ्याला साधारण ०.४४ मिमीपेक्षा बारीक ठिपका सुटा दिसत नाही आणि ५५ इंची ४केचा ठिपका ०.३२ मिमीच्या आसपास असतो. साध्या फुल एचडीत तो ०.६३ होतो, तारे चौकोनी दिसतील.

दुसरं म्हणजे काळा रंग. साध्या एलसीडीला मागून लाइट असतो, त्याचा काळा म्हणजे खरं तर गडद राखाडी. दिवसा चालून जातं, पण रात्री खोलीतले दिवे मालवले की आख्खी खिडकी धुरकट चमकत राहते. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे काळा म्हणजे ठिपका बंदच. बजेट कुठे तरी घालायचंच असेल तर इथे घाला.

खिडकीपाशी
@पडद्यामागे, वाचता वाचता उठून खिडकीशी डोकं हलवून आले! इतकी साधी गोष्ट आणि मी तीन आठवडे बोल्ट बदलत बसले. पण ५० सेंमी प्रत्येक खोलीतून जाणार, खोल्या आधीच लहान आहेत.

पडद्यामागे
जातीलच, त्याला इलाज नाही. पण दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत किंवा पलंगाच्या डोक्याशी कपाट असतंच ना, त्याच कपाटाच्या जाडीत ती पोकळी मुरवा. मोठ्या हॉलमध्ये पैसे असतील तर फ्लाइट सिम्युलेटरसारखं करता येतं, तिथे पायलटला पडदा थेट दिसतच नाही, मोठ्या वक्र आरशातून दिसतो आणि त्यामुळे चित्र लांब क्षितिजावर असल्यासारखं डोळ्याला वाटतं. खोल्यांसाठी तो खटाटोप नको.

मृगशीर्ष
धागा आवडला. मी हौशी आकाशनिरीक्षक, बांधकामातलं कळत नाही, पण त्या खिडकीतून दिसणार काय यावर बोलायचंय कारण तिथेच बहुतेकांचा घात होतो.

एक, तारे लुकलुकायला नकोत. लुकलुकणं हवेमुळे असतं, वातावरणाच्या वर तारा स्थिर जळतो. दोन, तारे खिडकीवरून पाऊस पडल्यासारखे पळायला नकोत, कुठलंही यान कितीही पळालं तरी तारे इतके लांब आहेत की ते जागचे हलत नाहीत, हललंच तर यान स्वतः वळतंय म्हणून हलतात. तीन, खाली उन्हातली पृथ्वी भरभरून दाखवायची आणि वर गच्च तारे, हे एकत्र दिसत नाही. पृथ्वीच्या उजेडाला डोळा किंवा कॅमेरा जुळवून घेतो तेव्हा तारे बुडतात.

मला विचाराल तर पृथ्वीच्या कक्षेतलं यान ठेवा. खरं अवकाश स्थानक जवळपास ४०० किमी उंचीवरून सुमारे ९० मिनिटांत एक फेरी मारतं, दिवसाला १६ सूर्योदय होतात. साधारण अर्धा वेळ ऊन, अर्धा वेळ रात्र, आणि त्या रात्रीच्या भागात तारेही दाखवा, खाली शहरांचे दिवे दाखवा, विजा दाखवा. हे इतकं देखणं आहे की वर काही रचायची गरज नाही. २०१० मध्ये स्थानकाला क्युपोला नावाचा ७ खिडक्यांचा घुमट जोडला, मधली गोल खिडकी ८० सेंमीची, आणि मोकळा वेळ मिळाला की अंतराळवीर तिथेच जाऊन बसतात. खिडकी हीच सगळ्यात लाडकी जागा, प्रत्यक्ष वर गेलेल्यांचीसुद्धा. त्यामुळे तुम्ही खिडकीसाठी जीव टाकताय ते योग्यच आहे.

आणि हॉटेलवाल्यांचं अवकाशाचं वेड जुनं आहे. बॅरन हिल्टन यांनी १९६७ मध्ये चंद्रावरच्या हॉटेलबद्दल भाषण दिलं होतं, तेव्हा माणूस चंद्रावर उतरलाही नव्हता. रॉबर्ट बिगेलो हे तर मूळचे हॉटेलवालेच, त्यांनी १९९९ मध्ये कंपनी काढली आणि त्यांची फुगणारी खोली २०१६ मध्ये खरोखर स्थानकाला जोडली गेली. फुगल्यावर आतली जागा १६ घनमीटर. तुमची सगळ्यात लहान खोली त्यापेक्षा मोठीच असेल, तेव्हा खोल्या लहान म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

नेपथ्यवाला
सगळे खिडकीवर बोलतायत म्हणून मी दारावर बोलतो. मी नाटकाचे सेट करतो, वीस वर्षं झाली.

प्रेक्षक नाटकात कधी शिरतो? पडदा उघडल्यावर नाही. तिसरी घंटा होते, दिवे उतरतात, कुणीतरी शेवटचं खोकून घेतं, तेव्हाच तो शिरलेला असतो. तुमच्या पाहुण्याला तिसरी घंटा कुठे आहे? तो गाडीतून उतरणार, बॅग ओढत काचेचं दार ढकलणार आणि समोर एकदम यान! नाही बसत. फ्लोरिडातल्या त्या हॉटेलचा सगळ्यात चांगला भाग मला हाच वाटतो. आधी जमिनीवरचं टर्मिनल, मग छोट्याशा बंद खोलीत बसवायचे, वरच्या खिडकीत आकाश मागे पडताना दिसायचं, थोडी थरथर, आणि पलीकडचं दार उघडलं की यान. यंत्रणा कशीही असो, मूळ कल्पना लिफ्टचीच. पण जमीन सुटल्याची खूण माणसाच्या अंगाला मिळते.

तुमच्याकडे लिफ्ट असेलच. तिच्याआधी एक अरुंद, कमी उजेडाची वाट करा, पाच-सात मिनिटं तरी माणूस तिथे रेंगाळला पाहिजे. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, पण पहिल्या काही मिनिटांतही खूप फरक पडतो, आणि सरावलेल्या डोळ्याला तुमचा कमी ब्राइटनेसचा तारासुद्धा तेजस्वी दिसेल. बिल, ओळखपत्र, सह्या हे सगळं त्या वाटेच्या अलीकडे उरकून घ्या. यानात शिरल्यावर कुणी पाहुण्याकडे कार्ड मागितलं की संपलं.

साइटवरचा
वरच्या प्रतिसादांत बरंच शिकण्यासारखं आहे पण अरुंद वाट, अंधार आणि बंद खोली हे शब्द वाचून मला राहवत नाही. मी साइट इंजिनिअर आहे, आणि खिडक्या नसलेली इमारत म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, धूर बाहेर जायला जागा नाही आणि माणसाला बाहेरचा उजेड दिसत नाही.

२० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नावाच्या नाइटक्लबला आग लागली, १०० माणसं गेली. स्टेजवरच्या फटाक्यांच्या ठिणग्या भिंतीवर आवाजासाठी लावलेल्या पॉलियुरेथेन फोमवर पडल्या आणि काही मिनिटांत सगळं संपलं. बाहेर पडायला दुसरे मार्ग होते, पण बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. आता हे तुमच्या हॉटेलला लावून बघा. पाहुणा आत आला तो अंधाऱ्या वाटेने आणि लिफ्टने! आगीत तो त्याच लिफ्टकडे धावणार, आणि आगीत लिफ्ट वापरायची नसते.

म्हणून माझं म्हणणं, पहिला जिना पहिल्या दिवशी ड्रॉइंगवर हवा, थीम नंतर. बाहेर पडायच्या खुणा झाकू नका, त्यांच्यावर निळा जेल, म्हणजे दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद, चढवू नका, आणीबाणीच्या दाराला भिंतीसारखं रंगवून लपवू नका. सरकती दारं लावणार असाल तर वीज गेल्यावर ती आपोआप उघडी राहिली पाहिजेत किंवा हाताने ढकलून उघडता आली पाहिजेत. फोमवर एफआरपी (तंतू घातलेलं कडक प्लॅस्टिक) चढवून यानाच्या भिंती करायची पद्धत आहे, स्वस्त आणि हलकी, पण प्रत्येक मालाचं आग-चाचणीचं सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय साइटवर उतरवून घेऊ नका. शक्य तिथे जिप्सम आणि पत्रा वापरा. वळणाच्या भिंतीला ६ मिमीचे पातळ जिप्सम बोर्ड दोन थरांत वाकवून बसतात, वेळ जातो पण काम देखणं होतं.

नेपथ्यवाला
@साइटवरचा, पटलं. ती वाट मी थिएटरच्या हिशोबाने सांगितली, तिथे दिवे लावणारा माणूस कायम हजर असतो. वाट दोन माणसं शेजारून जातील इतकी रुंद ठेवा, अरुंदपणा उजेडाने आणि छताच्या उंचीने दाखवता येतो, भिंती जवळ आणायची गरज नाही. आणि यानात आणीबाणीची सूचना असणं तर अगदी नैसर्गिक आहे, पहिल्याच दिवशी सगळ्या पाहुण्यांना जिन्यापर्यंत चालवत न्या, यानावरचा सराव म्हणून. पाय एकदा त्या जिन्यावर पडले की लक्षात राहतात.

साइटवरचा
हे फार आवडलं. असंच करा.

खिडकीपाशी
सराव आम्ही करणार, नक्की! आता पुढचा प्रश्न. मालकांना कॉरिडॉर चाकासारखा हवाय, पुढे जमीन वर चढत जाताना दिसते तसा, फिरणाऱ्या स्थानकासारखा. जमेल का?

साइटवरचा
जमीन वाकवू नका. गणित सांगतो. रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउन यांनी १९५२ मध्ये फिरत्या चाकाचं स्थानक सुचवलं होतं, व्यास सुमारे ७६ मीटर, म्हणजे त्रिज्या ३८. त्या वळणाने तुम्ही १० मीटर पुढे गेलात तर जमीन १.३ मीटर वर आलेली असेल आणि तिथला चढ चारास एकपेक्षाही जास्त. व्हीलचेअरच्या रॅम्पला बारास एक धरतात. फिरत्या चाकात तो चढ पायाला जाणवत नाही कारण तिथे खालची दिशाही तुमच्याबरोबर फिरते, इथे पृथ्वी आहे, ट्रॉली घरंगळत खाली येईल.

त्याऐवजी कॉरिडॉर आडवा वळवा, जमीन सपाटच, भिंती गोल. ८-१० मीटरपुढचं दिसत नाही त्यामुळे छोटं कॉरिडॉरही संपतच नाही असं वाटतं. मात्र वळणामुळे बाहेर पडायची खूणही लांबून दिसत नाही, म्हणून खुणा जास्त लावाव्या लागतील. छताच्या पट्ट्या आणि भिंतीवरच्या रेषा हळूहळू वर नेल्या तर जमीन चढतेय असा भास थोडाफार येतो, तेवढ्यावर समाधान माना.

चादरी-उशा
मी हाउसकीपिंग बघते, अशा नाही पण मोठ्या हॉटेलात, आणि इथे कुणीच आमचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते.

सगळे पाहुणे एकाच दिवशी जाणार आणि त्याच दुपारी नवे येणार, म्हणजे मधल्या चार-पाच तासांत ३६ खोल्या. नेहमीच्या हॉटेलात चेक-आउट विखुरलेले असतात, इथे सगळा भार एकदम. भिंतीत कोरलेले बंक, म्हणजे झोपायचे कप्पे, दिसायला छान, पण तीन बाजूंनी भिंत असलेल्या गादीवर चादर खोचायची म्हणजे गुडघ्यावर आत शिरावं लागतं, एका बंकला दुप्पट वेळ. गादी पुढे सरकवून बाहेर येईल अशी ट्रे द्या, हात जोडून सांगते. भिंतीतल्या प्रत्येक खाचेत धूळ बसते, खोटे बोल्ट, खोट्या जाळ्या, सगळं पुसायला माणूस लागतो. काळ्या चकचकीत पॅनेलवर एक बोट लावलं तरी दिसतं. आणि आम्हाला एक साधं बटण द्या, ज्याने खोलीतले सगळे पांढरे दिवे पूर्ण लागतील, निळ्या उजेडात डाग दिसत नाहीत.

त्या खिडकीची मागची पोकळी कुठून उघडणार? आतली काच पुसायला, टीव्ही बदलायला? पाहुण्याच्या खोलीतूनच पलंग हलवून उघडायची असेल तर आत्ताच बदला.

साइटवरचा
@चादरी-उशा यांचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. टोकियोतला नाकागिन कॅप्सूल टॉवर घ्या, वास्तुविशारद किशो कुरोकावा यांचं काम, १९७२. १४० खोल्या, प्रत्येकीला मोठी गोल खिडकी, बघितलं की यानच आठवतं. प्रत्येक खोली ४ बोल्टांनी मधल्या गाभ्याला टांगलेली, कल्पना अशी की साधारण २५ वर्षांनी जुनी काढायची आणि नवी लावायची. एकही बदलली गेली नाही. एक काढायची तर वरच्या हलवाव्या लागणार, गळती सुरू झाली, पाइप सडले, आणि २०२२ मध्ये इमारत पाडली. टीव्ही ५-७ वर्षांत बदलावेच लागतात. मागून सर्व्हिसची गल्ली ठेवा, ६० सेंमी पुरे.

रातराणी
मी यातलं काहीच काम करत नाही, पण अशा एका हॉटेलात दोन रात्री राहिले आहे, नाव घेत नाही. म्हणून पाहुण्याच्या बाजूने सांगते.

संध्याकाळी सगळं अप्रतिम होतं. मुलगी तर दारं उघडबंद करतच बसली. रात्री दिवे मालवले आणि तो आवाज ऐकू यायला लागला, यानाच्या इंजिनची घरघर, छतातल्या स्पीकरमधून. आधी छान वाटलं, झोप येईलसं वाटलं. मग लक्षात आलं की दर ४० सेकंदांनी त्यात एक बारीकसा झटका येतो, रेकॉर्डिंग संपून परत सुरू होतं तिथे. एकदा तो कानाने पकडला की सुटेना. मी मोजत पडले. बंद करायचं बटण नव्हतं. चार वाजता उठले, बाहेर किती वाजलेत, उजाडायला आलंय की नाही, काही कळेना, खिडकीत तेच तारे. छातीवर दडपण आल्यासारखं झालं, मी चप्पल घालून सर्व्हिसच्या जिन्याने खाली गेले आणि मागच्या दाराबाहेर उभी राहिले. बाहेर गार वारा होता, ओल्या मातीचा वास होता, पूर्वेला जरासं फटफटत होतं. दहा मिनिटं उभी राहिले आणि मग शांतपणे परत जाऊन झोपले. त्या दहा मिनिटांमुळे दुसरी रात्र मला आवडली, खरंच आवडली.

मृगशीर्ष
@रातराणी, हे तुमच्या एकटीचं नाही. मॉस्कोत मार्स-५०० नावाचा प्रयोग झाला होता, जून २०१० ते नोव्हेंबर २०११, ६ माणसं ५२० दिवस बंद बनावट यानात. त्यांच्या झोपेचा अभ्यास झाला, बऱ्याच जणांची झोप बिघडली, एकाचं तर दिवसाचं चक्रच २४ तासांपासून सरकत गेलं. दोन रात्रींत इतकं होणार नाही, पण शरीराला सकाळ लागते. म्हणजे मी वर ९० मिनिटांचे सूर्योदय सुचवले ते हॉलपुरते ठेवा. खोलीच्या खिडकीत रात्री यान सावलीतच राहू दे, आणि पहाटे एकच सूर्योदय होऊ दे, बाहेरच्या वेळेला धरून.

पडद्यामागे
आवाजाबद्दल सांगतो. रेकॉर्डिंग लावूच नका. खऱ्या स्थानकात जो आवाज असतो तो पंख्यांचा, वजन जाणवत नसल्यामुळे तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही, पंखे बंद पडले तर झोपलेल्याच्या तोंडाशी त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचेल. म्हणून पंखे रात्रंदिवस चालू. तुमच्या खिडकी नसलेल्या खोलीलाही ताजी हवा सतत द्यावीच लागणार, डक्ट असणारच, आणि आपण एरवी तो आवाज दाबायला धडपडतो. इथे दाबू नका, जरासा येऊ द्या. तो कधीच सुरुवातीला परत येत नाही, त्यात झटका नसतो, आणि शेजारच्या खोलीतलं बोलणंही त्यात बुडतं. फक्त फॅनची थरथर स्लॅबमधून पलंगाला जाऊ देऊ नका, खाली रबरचे पॅड घाला.

खिडकीपाशी
@रातराणी, तुमचा प्रतिसाद मी मीटिंगमध्ये वाचून दाखवला. मालक आधी म्हणाले उघडं आकाश दाखवलं की यानाचा भासच मोडेल. मी त्यांना फ्लोरिडातलंच उदाहरण दिलं, तिथेही यानातच एक उघडं अंगण होतं, त्याला हवामानाचं सिम्युलेटर म्हणायचे, वर खरं आकाश आणि चारी बाजूंनी यानाच्याच भिंती. मग मान्य झालं, मधल्या शाफ्टच्या जागी ५ बाय ७ मीटरचं अंगण, रात्रभर उघडं.

खिडकीपाशी
तीन आठवड्यांनी परत आलेय. मॉक-अप, म्हणजे नमुन्याची खोली तयार झाली. खिडकी ६० बाय ४०, पडदा ५० सेंमी मागे, ओएलईडी, मागून सर्व्हिसची गल्ली. बंकची गादी ट्रेसकट बाहेर येते, @चादरी-उशा. काल रात्री आमच्या सुताराला, ज्याने ती पोकळी स्वतःच्या हाताने काळी रंगवली, दिवे मालवून आत बोलावलं. तो खिडकीशी गेला, काही बोलला नाही, डोकं एकदा डावीकडे नेलं, एकदा उजवीकडे, मग काचेला कपाळ टेकवून खाली पृथ्वी कुठवर दिसते ते बघायला लागला.

आता तेवढं एक राहिलंय. कपाळ टेकवलं की खालची कड दिसते, टीव्हीची, बोटभर. @पडद्यामागे, खिडकीचा उंबरा खोलीच्या बाजूला ८ सेंमी वाढवला तर चालेल, की पडदाच खाली घेऊ?

पडद्यामागे
उंबरा वाढवा. पडद्याला हात लावू नका. कपाळ काचेपर्यंत पोचलंच नाही पाहिजे.